ताहा आकग्युल: तुर्कस्तानच्या या पैलवानाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुस्तीवर चार ओळी लिहायला लागल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, अमुक डावाला तुमच्या भागात काय म्हणतात. आणि दोन, हा ताहा आकग्युल कोण, ज्याचं नाव तुम्ही दर चार वाक्यांनी घेता? पहिल्या प्रश्नावर भांडणं होतात, ती नंतर कधीतरी. इथे फक्त दुसऱ्याचं बघू.

ताहा आकग्युल कोण?

तुर्कस्तानचा फ्रीस्टाइल पैलवान, सर्वांत वरच्या म्हणजे १२५ किलो गटातला. जन्म २२ नोव्हेंबर १९९०, सिवास. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकचं सुवर्ण, टोकियोत आणि पॅरिसमध्ये ब्राँझ. तीन वेळा जगज्जेता: २०१४, २०१५ आणि २०२२. युरोपियन विजेतेपदं ११. आता कुस्ती सोडली आहे.

यादी एवढीच. पण मला हा माणूस यादीसाठी आवडत नाही. तो हरला कसा आणि हरल्यावर परत कितीदा आला, यासाठी आवडतो. खालची बरीच उत्तरं त्याच अंगाने जातात, आधीच सांगून ठेवतो.

नाव नक्की कसं म्हणायचं? अकगुल, अक्गल, की आणखी काही?

आकग्युल. तुर्की भाषेत 'आक' म्हणजे पांढरा आणि 'ग्युल' म्हणजे गुलाब. हा 'ग्युल' फारसीतून गेलेला, आपल्या गुलाबात आणि गुलकंदात बसलेला 'गुल' तोच. म्हणजे सव्वाशे किलोचा गडी आणि आडनाव पांढरा गुलाब. तालमीतल्या पोरांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास कुणी जोर मारत नाही, नुसते हसत बसतात.

जाता जाता, तुर्की लोक पैलवानाला 'पेहलिवान' म्हणतात. शब्द फारसीतूनच तिकडेही गेला, इकडेही आला.

फ्रीस्टाइल म्हणजे आपली मातीतलीच कुस्ती ना, फक्त गादीवर?

नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. गादी विभाग म्हणजे साधारण आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल. मातीवर प्रेक्षक चितपटीची वाट बघतो, गादीवर गुणांचा हिशेब चालतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण. रिंगणाबाहेर ढकललं की एक. नुसती खडाखडी, म्हणजे उभ्याने हाताची झटापट, करत वेळ काढत असाल तर पंच आधी समज देतो, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतो. तेवढ्या वेळात कुणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला फुकटचा एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. चितपट झाली तर अर्थात काहीच मोजायचं उरत नाही.

गुण बरोबरीत सुटले तरी कुस्ती बरोबरीत सुटत नाही. मोठ्या गुणांचे डाव कुणी जास्त मारले, ताकीद कुणाला कमी मिळाली, शेवटचा गुण कुणाचा, या क्रमाने बघून एकाचा हात वर करतात. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिवास कुठे आलं? तिथे कुस्तीचं वातावरण आहे का?

मध्य अनातोलियाच्या उंच पठारावरचं, कडाक्याच्या थंडीचं शहर. इतिहासवाल्यांना ते १९१९ च्या सिवास परिषदेमुळे माहीत असतं, कुत्रे पाळणाऱ्यांना कांगाल जातीमुळे, आणि आपल्यासारख्यांना अहमेत आयिकमुळे. आयिकही सिवास प्रांतातलाच. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक रौप्य, १९६८ ला मेक्सिकोत सुवर्ण, पुढे तुर्कस्तानच्या कुस्ती महासंघाचा अध्यक्ष. ताहाची वाटही पुढे नेमकी तशीच गेली, पण ते शेवटी येईल.

ताहा मात्र राजधानीत, अंकाराच्या आस्की क्लबकडून खेळला. आस्की म्हणजे अंकाराचं पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खातं. हसू नका. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस पैलवान पोसतात, तिकडे नळाचं खातं पोसतं.

तुर्कस्तानात अंगाला तेल लावून कुस्ती करतात. ताहा त्यातलाच का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर तोंडपाठ झालंय. नाही. ती तेलकुस्ती, 'यालि ग्युरेश', वेगळा खेळ आहे. तिची सर्वांत मोठी स्पर्धा किर्कपिनार, दर उन्हाळ्यात एदिर्नेला भरते आणि तिची परंपरा चौदाव्या शतकापासून सांगतात. २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही ती गेली. ताहाचं नाव गादीवरचं.

पण प्रश्न आलाच आहे तर थोडं थांबतो, कारण तेलकुस्ती बघताना आपल्या माणसाला परकं वाटतच नाही. हिरवळीचं मैदान. कमरेला 'किस्पेत' नावाची जाड चामड्याची घट्ट विजार, बाकी अंग उघडं आणि तेलाने चोपडलेलं. आपल्याकडे हलगी घुमते तसा तिथे ढोल आणि झुर्ना नावाचं सनईसारखं वाद्य. जोडी लावण्याआधी एक निवेदक पद्यात पैलवानांची ओळख करून देतो, त्याला 'जाझगिर' म्हणतात. आपल्या जत्रेतल्या फडावर माईक हातात घेऊन पैलवानाच्या गावापासून वस्तादापर्यंत सगळं एका दमात सांगणारा निवेदक आठवा, नातं लगेच कळेल. हात कुठेच ठरत नाही, म्हणून किस्पेतमध्ये हात घालून पकड करायला परवानगी असते. सर्वांत वरच्या विजेत्याला 'बाशपेहलिवान' म्हणतात आणि सोन्याचा पट्टा मिळतो. आपल्याकडे चांदीची गदा, तिकडे सोन्याचा पट्टा.

आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पाठीवर पडलेल्या पैलवानाबद्दल ते म्हणतात, त्याच्या बेंबीने तारे पाहिले. आपण म्हणतो, आस्मान दाखवलं.

रिओत नेमकं काय झालं?

२० ऑगस्ट २०१६. अंतिम फेरीत समोर इराणचा कोमेल घासेमी. निकाल ३-१, ताहाच्या बाजूने. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. साक्षी मलिकच्या ब्राँझचा आनंद अजून ताजा होता, म्हणून त्या आठवड्यात कुस्तीसाठी जागणारे बरेच होते.

३-१ हा आकडा बघून अनेकजण नाक मुरडतात, 'ही काय कुस्ती?' म्हणतात. जड गटातल्या अंतिम लढती अशाच असतात. दोन्ही बाजूंना सव्वाशे किलो, एक चूक केली की माणूस अंगाखाली जातो आणि मग वर यायला जागा नसते. त्यामुळे मनगट, दंड, मान यांवरच निम्मी कुस्ती होते. घासेमीही साधा गडी नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याला ब्राँझ मिळालं होतं. नंतर जुने नमुने पुन्हा तपासले, त्या गटातले सुवर्ण आणि रौप्य विजेते दोघेही उत्तेजक प्रकरणात बाद झाले आणि घासेमीचं ब्राँझ सुवर्णात बदललं. तोपर्यंत २०१९ उजाडलं होतं. म्हणजे रिओत ताहाने ज्याला हरवलं तो कागदोपत्री नंतर मागच्या ऑलिम्पिकचा विजेता ठरला. त्याच लंडनमध्ये ताहाही उतरला होता, पण पदकाविना परतला होता.

त्या ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानला आठ पदकं मिळाली, सुवर्ण फक्त हे एक. त्याच संध्याकाळी ८६ किलोत त्यांचा सेलीम याशार अंतिम फेरीत रशियाच्या सादुलाएवकडून हरला होता. वर तुर्कस्तानात महिनाभरापूर्वीच, १५ जुलैला, सत्तापालटाचा प्रयत्न झालेला. देश कुठल्या मनःस्थितीत ती कुस्ती बघत असेल, याचा अंदाज करा.

पेत्रिआश्विली त्याच्यापेक्षा भारी होता का?

यावर पारावर बसून रात्र काढता येईल. जॉर्जियाचा गेनो पेत्रिआश्विली आणि ताहा हे या गटातलं दशकभराचं वैर. वैर म्हणजे गादीवरचं.

आधी ताहाच्या विरोधातला पुरावा. २०१७ ची जागतिक स्पर्धा, पॅरिस, अंतिम फेरी: पेत्रिआश्विली १०-८ ने जिंकला. दोन अवजड पैलवानांच्या अंतिम लढतीत अठरा गुण! रिओच्या ३-१ वर नाक मुरडणाऱ्यांनी ही बघावी. मग २०१९ ची जागतिक स्पर्धा, कझाकस्तानातलं नूर-सुलतान, पुन्हा तेच दोघे अंतिम फेरीत. गुण ६-६, बरोबरी. वर सांगितलेला नियम इथे आला आणि हात पेत्रिआश्विलीचा वर गेला. सहा मिनिटं झुंजून एका गुणाचाही फरक नसताना दुसरा आलेला माणूस व्यासपीठावर कसा उभा राहत असेल, हे त्यालाच ठाऊक.

आता ऑलिम्पिक बघा. पेत्रिआश्विली: रिओत ब्राँझ, टोकियोत रौप्य, पॅरिसमध्ये सुवर्ण. ताहा: रिओत सुवर्ण, मग ब्राँझ, मग ब्राँझ. एकजण पायरी पायरीने वर चढला, दुसरा वरून खाली आला पण व्यासपीठावरून उतरला नाही. तीन ऑलिम्पिक, तिन्ही वेळा दोघेही पदकात. ज्या गटात गुडघे आणि कंबर तिशीच्या आतच जवाब देतात तिथे हे सोपं नाही.

माझं मत विचाराल तर आमनेसामने पेत्रिआश्विली सरस, टिकाऊपणात ताहा. काहींना ही पळवाट वाटते. वाटू दे.

टोकियोत तो उपांत्यपूर्व फेरीत हरला होता. मग ब्राँझ कसं मिळालं?

रेपेचाजमुळे. अमेरिकेच्या गेबल स्टीव्हसनने त्याला ८-० ने धुतलं, लपवण्यात अर्थ नाही. स्टीव्हसन एकवीस वर्षांचा, पायांत स्प्रिंग असल्यासारखा, आणि गतविजेता त्याच्यासमोर एक गुणही काढू शकला नाही. पण ज्याने तुम्हाला हरवलं तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला ब्राँझसाठी परत खेळायची संधी मिळते. स्टीव्हसन गेला, दार उघडलं, आणि ताहाने मंगोलियाच्या मल्लाला हरवून पदक घेतलं. (स्टीव्हसनने अंतिम फेरीत शेवटच्या सेकंदांत पेत्रिआश्विलीला १०-८ ने हरवलं. या गटात सगळेच एकमेकांच्या वाटेत येतात.)

हे ब्राँझ भिकेत मिळालं, असं म्हणणारे असतात. त्यांना मी सुशीलकुमारचं २००८ चं ब्राँझ आठवायला सांगतो. तेही याच दाराने आलं होतं.

त्याचा सर्वांत मोठा विजय कोणता? रिओच ना?

लोकांसाठी रिओ. माझ्यासाठी बेलग्रेड, २०२२.

२०१५ मध्ये लास वेगासला दुसऱ्यांदा जगज्जेता झाल्यावर ताहाला जागतिक सुवर्णाने सात वर्षं हुलकावणी दिली. दोनदा अंतिम फेरीत पेत्रिआश्विली आडवा आला. टोकियोत स्टीव्हसन. २०२१ मध्ये इराणचा अमीरहुसेन झारे जगज्जेता झाला, वय अवघं वीस. सगळ्यांनी धरून चाललेलं की गट आता या पोरांचा आणि ताहा जुन्यांपैकी एक. २०२२ च्या अंतिम फेरीत तोच झारे समोर आला. ताहा एकतीस वर्षांचा, समोरचा दहा वर्षांनी लहान आणि गतविजेता. ताहा जिंकला.

शहर तेच होतं, जिथे २०१२ मध्ये त्याने पहिलं युरोपियन सुवर्ण घेतलं होतं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धा परत बेलग्रेडलाच झाली. तिथे झारेने किताब परत नेला आणि ताहाला ब्राँझवर थांबावं लागलं. तरी २०२२ चं ते एक सुवर्ण मी रिओच्या वर ठेवतो. रिओत तो पंचविशीत होता, भरात होता, त्याने जिंकावं अशीच अपेक्षा होती.

११ युरोपियन सुवर्णं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्याबद्दल कुणी बोलत का नाही?

कारण आपण ऑलिम्पिकपलीकडे बघत नाही. २०१२ ते २०२४ या काळातली ही विजेतेपदं आहेत. युरोपियन म्हटल्यावर दुय्यम वाटतं, पण कुस्तीत युरोपात रशिया, जॉर्जिया, अझरबैजान सगळे येतात. १२५ किलोत तर निम्मं जग तिथेच असतं.

१२५ किलो म्हणजे वजन तेवढं असावंच लागतं का?

नाही. ती वरची मर्यादा. खालचा गट ९७ चा. म्हणजे ११० किलोचा माणूसही इथेच लढतो. महाराष्ट्र केसरीच्या किताबाच्या लढतीलाही वर १२५ चीच मर्यादा आहे, खाली मात्र ८६ पर्यंत सूट. ताहाने सुरुवात केली तेव्हा ही मर्यादा १२० होती, २०१४ पासून १२५ झाली आणि त्याच वर्षी ताश्कंदला तो पहिल्यांदा जगज्जेता झाला.

त्याची कुस्ती कशी होती? कुठला डाव हुकमी?

एका डावाचा पैलवान नव्हे. उंच, म्हणजे सहा फूट तीन इंचांच्या आसपास, आणि पोट सुटलेला जडभार तो कधीच नव्हता. वजनाच्या मानाने पाय फार हलके. आमच्याकडचे जुने वस्ताद जड पैलवानाला सांगायचे, 'तू हलू नको, त्याला हलव.' ताहा स्वतः हलायचा. खडाखडीत समोरच्याचं वजन पुढच्या पायावर यायची वाट बघायची आणि आलं की खाली जाऊन पट काढायचा, म्हणजे पाय पकडून खेचायचा. हलक्या गटातल्या पोरांना हे जमतं. सव्वाशे किलोच्या माणसाला खाली वाकून परत वेळेत उठता येणं, यातच सगळी मेहनत आली. वाकला आणि पट हातात आला नाही, तर समोरचं अख्खं धूड मानेवर येतं.

तुर्कस्तान कुस्तीत एवढा पुढे कसा?

सविस्तर लिहायचं तर पुस्तक होईल. एवढंच सांगतो: १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांना सहा सुवर्णं मिळाली, सहाही कुस्तीत. १९६० ला रोममध्ये सात, सातही कुस्तीत. याशार दोऊ हा त्यांचा देवमाणूस, त्याच्या नावाने आजही दरवर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते आणि आपले पैलवानही तिकडे जातात. जड गटात हामित काप्लान १९५६ चा विजेता, माहमुत देमिर १९९६ चा. देमिरनंतर वीस वर्षांनी ताहा.

आता आपल्याकडे बघा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले आणि फ्लायवेटमध्ये सहावे आले. त्याच गटाचं रौप्य तुर्कस्तानच्या हालित बालामिरचं. चार वर्षांनी हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेटमध्ये ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या वेळी त्यांच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही वजनांची सुवर्णं तुर्कांनी नेली: हसन गेमिजी आणि बायराम शित. खाशाबा ज्या गादीवर उतरले ती तुर्कांची सद्दी असलेली गादी होती. आपण खाशाबांची गोष्ट सांगताना हे सांगत नाही, सांगायला हवं.

आपल्या पैलवानांशी ताहाचा काही संबंध?

थेट फारसा नाही. १२५ किलोत भारत पदकांच्या लढतीपर्यंत क्वचितच पोहोचतो. पण ताहाआधी फ्रीस्टाइलमध्ये तुर्कस्तानला ऑलिम्पिक सुवर्ण देणारा रमझान शाहीन, त्याच्याशी आपलं खातं जुनं आहे. बीजिंग २००८, ६६ किलो. सुशील पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला म्हणून सुशीलला रेपेचाज मिळाला आणि ब्राँझ आलं. अंतिम फेरीत स्टाडनिकला हरवणारा शाहीन. चार वर्षांनी लंडनला सुशीलच्या पहिल्याच लढतीत समोर कोण, तर गतविजेता शाहीन. सुशीलने त्याला बाहेर काढलं आणि रौप्यापर्यंत गेला.

आता ताहा काय करतो?

पॅरिस २०२४ च्या ब्राँझनंतर थांबला. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या कुस्ती महासंघाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. ऑगस्टमध्ये गादीवर, ऑक्टोबरमध्ये खुर्चीत. सिवासचाच आयिक आणि ग्रीको-रोमनमधला (कमरेखाली पकड न करण्याची कुस्ती) दिग्गज हामझा येरलिकाया याच वाटेने त्या खुर्चीवर बसले होते. पैलवानानेच पैलवानांचा कारभार बघावा की नाही, यावर आपल्याकडे गेल्या काही वर्षांत एवढं रणकंदन झालंय की मी इथे तोंड उघडत नाही.

त्याच्या लढती बघायच्या तर सुरुवात कुठून करू?

रिओपासून नको. आधी २०१७ ची पॅरिसची अंतिम लढत बघा, हरलेली. मग २०१९ ची, तीही हरलेली. मग २०२२. पहिल्यांदा बघताना गुणफलकाकडे लक्ष देऊ नका, फक्त त्याच्या पुढच्या पायाकडे बघा. दुसऱ्यांदा गुण मोजा.

२०१९ ची शोधताना त्याच स्पर्धेतली ६१ किलोची ब्राँझची लढतही काढा. पाटोद्याचा राहुल आवारे, समोर अमेरिकेचा टायलर ग्राफ, निकाल ११-४. आमच्या तालमीतल्या मोबाइलवर ती इतक्यांदा फिरलीय की पोरांना कुठल्या सेकंदाला कुठला गुण ते पाठ आहे.